आकाशातलं वडाप: कुत्र्याला शेजारी बसवून प्रायव्हेट जेटने लंडनला जायचं तर

सातारा-कराडकडे ज्यांनी वडापने, म्हणजे शेअर जीपने, प्रवास केलाय, त्यांना शेअर्ड प्रायव्हेट जेट समजवायला दोन मिनिटं पुरतात. गाडी एकाची, चालवणारा दुसरा, गिऱ्हाइकं गोळा करणारा तिसराच. जागा सुट्या विकायच्या आणि पुरेशी माणसं जमल्याशिवाय हलायचं नाही. फरक एवढाच, की इथे एका जागेचे सात-आठ लाख रुपये पडतात आणि पलीकडच्या सीटवर कुणाचा तरी ग्रेट डेन घोरत असतो.

आम्ही हा उद्योग पिंट्यासाठी केला. पिंट्या म्हणजे न्यू जर्सीच्या एका शेल्टरमधून आणलेला, लॅब्राडॉर आणि आणखी कशाकशाची सरमिसळ असलेला २९ किलोंचा कुत्रा. नवऱ्याची बदली लंडनला झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, मागचे पाय धरलेले, आणि बंद पिंजऱ्याची धास्ती शेल्टरपासूनची. त्यानंतर ओळखीतल्या तीन मराठी घरांनी फोन करून तेच ते प्रश्न विचारले. चौथ्यांदा तोंडी सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळे इथेच फसतात. तुम्ही मोजलेल्या पैशांत कुत्र्याला तुमच्या शेजारची जागा मिळते. कागदपत्रांत सवलत मिळत नाही. मालवाहू विमानाच्या पोटातून जाणाऱ्या कुत्र्याला जे कागद लागतात, तेच आणि तेवढेच कागद चामड्याच्या सीटवर बसलेल्यालाही लागतात. म्हणून तिकिटापासून सुरुवात करू नका.

तुम्हाला हे खरंच लागतंय का?

नेहमीच्या विमानात कुत्रा-मांजर केबिनमध्ये नेता येतं, पण लहान असेल तर. लुफ्तान्सा, केएलएम, एअर फ्रान्स या तिघांचीही मर्यादा पिशवीसकट ८ किलो आहे. पूर्वी अमेरिकेत 'इमोशनल सपोर्ट'चं, म्हणजे हा प्राणी मालकाला मानसिक आधार देतो असं, पत्र दाखवून मोठे कुत्रेही केबिनमध्ये बसायचे. जानेवारी २०२१ पासून तिथल्या परिवहन खात्याच्या नव्या नियमाने विमान कंपन्यांना असे प्राणी साधे पाळीव म्हणून धरायची मुभा मिळाली आणि तो रस्ता जवळजवळ बंद झाला. अजूनही असं पत्र काढून देतो म्हणणारे भेटतात. त्यांना पैसे देऊ नका.

ब्रिटनची गोष्ट त्याहून वेगळी आहे. ब्रिटनमध्ये येणाऱ्या नेहमीच्या प्रवासी विमानात पाळीव प्राणी केबिनमध्ये चालतच नाही, मग तो दोन किलोंचा चिहुआहुआ का असेना. त्याला कार्गो म्हणूनच यावं लागतं. सूट फक्त प्रशिक्षित मदतनीस कुत्र्यांना. ब्रिटनमधून बाहेर जाताना मात्र ही आडकाठी नाही, विमान कंपनीने परवानगी दिली की झालं. खासगी विमानांना ठरावीक मंजूर विमानतळांवर, आधी व्यवस्था करून, केबिनमधून प्राणी आणता येतात. न्यू यॉर्क-लंडन हा शेअर्ड जेटवाल्यांचा हक्काचा मार्ग का झाला, ते यावरून कळेल.

तरीही पाकीट उघडण्याआधी बाकीचे पर्याय बघा.

तुमचं मांजर किंवा छोटा कुत्रा पिशवीसकट ८ किलोंच्या आत असेल, तर प्रायव्हेट जेट ही निव्वळ उधळपट्टी आहे. पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅमपर्यंत नेहमीच्या विमानाने केबिनमधून न्या. पुढे फ्रान्समधल्या कॅलेहून ल शटल या रेल्वेने समुद्राखालच्या बोगद्यातून इंग्लंडमधल्या फोकस्टनला. तुमची मोटार थेट रेल्वेच्या डब्यात चढते, तुम्ही आणि प्राणी मोटारीतच बसून राहता, ३५ मिनिटांत पलीकडे. याच कामासाठी पाळीव प्राण्यांच्या टॅक्सीही मिळतात. हॉलंडहून हारविचला जाणारी फेरी हा दुसरा मार्ग. पण युरोस्टार नावाची जी प्रवासी ट्रेन आहे, ती पाळीव प्राणी घेत नाही. दोन्हींची गल्लत करून लोक तिचं तिकीट काढून बसतात. आणि या मार्गाने गेलात तर दोन प्रमाणपत्रं लागतील, एक युरोपीय संघात शिरायला आणि दुसरं ब्रिटनमध्ये शिरायला.

वेळ असेल तर क्वीन मेरी २ हे जहाज आहे. न्यू यॉर्क ते साउदॅम्प्टन सात रात्री, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यावर कुत्र्या-मांजरांसाठी २४ कोठड्या. कुत्र्यांना पाय वर करायला डेकवर एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक रस्त्याकडेचा अमेरिकन अग्निशामक नळ ठेवलेला आहे, म्हणजे दोन्ही देशांच्या नागरिकांची सोय झाली. पण जागा खूप आधी भरतात. आम्हाला मिळाली नाही.

आणि कार्गो? त्याची उगाच फार बदनामी झाली आहे. विमानाच्या पोटातही हवेचा दाब केबिनइतकाच असतो, आणि प्राणी असताना तापमान राखलं जातं. तरुण, धडधाकट, पिंजऱ्याची सवय असलेला कुत्रा त्यातून व्यवस्थित जातो. अडचण येते ती चपट्या नाकाच्यांना, म्हणजे पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांना. उन्हात आणि ताणात त्यांचा श्वास लवकर कोंडतो, म्हणून अनेक कंपन्या त्यांना घेतही नाहीत. तीच गोष्ट म्हाताऱ्या, आजारी किंवा पिंजरा बघून थरथरणाऱ्या प्राण्याची. पिंट्या या शेवटच्या गटातला होता. तो चार वर्षांचा असता तर मी त्याला कार्गोने पाठवलं असतं आणि उरलेल्या पैशांत वर्षभराचं घरभाडं भरलं असतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलंय.

हा धंदा आला कुठून

पैसेवाले लोक स्वतःच्या विमानातून कुत्री पूर्वीपासून नेत आलेत. अनोळखी लोकांनी केवळ प्राण्यांसाठी विमान वाटून घ्यायचं, हे वाढलं करोनाच्या काळात. जून २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे दिल्लीत अडकलेल्या सहा पाळीव प्राण्यांना मुंबईत त्यांच्या घरी आणण्यासाठी एक छोटं विमान ठरवण्यात आलं होतं. त्याचा खर्च नऊ लाखांच्या घरात, म्हणजे एका सीटला साधारण दीड लाख, अशा बातम्या तेव्हा आपल्याकडे झळकल्या होत्या. २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे बरीच विमानसेवा बंद झाली. शहर सोडून निघालेल्या लोकांनी गट करून जेट भाड्याने घेतली, ब्रिटनपर्यंतच्या एका जागेला पंचवीस हजार डॉलरच्या आसपास मोजून.

पुढे त्याचं वेळापत्रक लावणाऱ्या कंपन्या आल्या. के-नाइन जेट्स ही ब्रिटिश कंपनी. बार्क एअर अमेरिकेची, कुत्र्यांची खेळणी आणि खाऊ विकणाऱ्या कंपनीने मे २०२४ मध्ये सुरू केलेली. बार्क एअरने सुरुवातीला न्यू यॉर्क-लॉस एंजेलिस एकेरी ६,००० डॉलर आणि न्यू यॉर्क-लंडन ८,००० डॉलर लावले होते. एका तिकिटात एक माणूस आणि एक कुत्रा. रुपयांत सांगायचं तर लंडनचं तिकीट तेव्हाच्या दराने साडेसहा लाखांच्या वर. दर मार्गानुसार आणि मोसमानुसार हलतात, तेव्हा हे आकडे अंदाजासाठीच धरा.

कॅलेंडर उलटीकडून लिहा

स्वयंपाकघरात कॅलेंडर लावा. ज्या दिवशी लंडनला उतरायचं त्या तारखेभोवती लाल गोल करा, आणि तिथून मागे मागे या. मी अमेरिकेहून ब्रिटनचा क्रम देते आहे. भारताचा पुढे स्वतंत्र सांगते, कारण त्याला वेळ फार लागतो.

सगळ्यात आधी मायक्रोचिप. १५ आकड्यांची, आंतरराष्ट्रीय मानकाची. अमेरिकेत जुन्या कुत्र्यांना नऊ किंवा दहा आकड्यांच्या चिप असतात आणि त्या युरोपातल्या यंत्रांना वाचता येतीलच असं नाही. पिंट्याचीही तसलीच निघाली. मग त्याच्या मानेत दुसरी चिप बसवली आणि दोन्ही नंबर कागदावर लिहून घेतले. मुद्द्याची गोष्ट क्रमाची आहे. चिप आधी, रेबीजची लस नंतर. एकाच दिवशी केलं तरी चालतं, पण चिप आधी वाचली जायला हवी. चिपच्या आधी दिलेली लस ब्रिटनच्या लेखी दिलेलीच नसते. त्यामुळे पिंट्याला मुदतीतली लस असूनही पुन्हा टोचावी लागली. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, तुम्हाला नाही, मला आहे.

लस देताना कुत्रा किमान १२ आठवड्यांचा हवा. लसीचा दिवस शून्य धरून पुढे २१ दिवस थांबायचं. आधीची लस चिपनंतरची असेल आणि खंड न पडता बूस्टर झाला असेल, तर हे थांबणं नाही. खंड एका दिवसाचा असला तरी तो खंडच धरतात.

आता आपल्या लाल गोलाच्या जवळ येऊ. अमेरिकेतल्या सरकारमान्य पशुवैद्याने ब्रिटनचं आरोग्य प्रमाणपत्र भरायचं. त्यावर कृषी खात्याच्या पशुआरोग्य विभागाचा, ज्याला सगळे एफिस म्हणतात त्याचा, शिक्का घ्यायचा. शिक्क्याच्या तारखेपासून १० दिवसांत ब्रिटनमध्ये पोचायला हवं. या १० दिवसांतच कुरियरचं जाणं-येणं, शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या बसवायच्या असतात. तुमचा नेहमीचा डॉक्टर या कामासाठी मान्यताप्राप्त आहे का, हे दोन महिने आधी विचारा. बरेच जण नसतात. आणि ज्याने हे प्रमाणपत्र पूर्वी कधी भरलंय असा डॉक्टर मिळाला तर चार पैसे जास्त द्या.

शेवटची पायरी सगळ्यात नाजूक. कुत्र्याला जंताची गोळी, ज्यात प्राझिक्वांटेल हे औषध हवं. ती डॉक्टरने स्वतः द्यायची आणि तारीख-वेळेसह प्रमाणपत्रात लिहायची. ब्रिटनमध्ये पोचण्याच्या आधी किमान २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास, या खिडकीतच. मांजरांना ही गोळी लागत नाही. एवढी काटेकोर वेळ कशाला, असं मलाही वाटलं होतं. एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस नावाचा एक पट्टकृमी आहे, माणसाच्या यकृतात घर करणारा, जो ब्रिटनमध्ये नाही आणि त्यांना तो येऊ द्यायचा नाही. गोळीने पोट साफ होतं, पण पुढची लागण अडत नाही, म्हणून ती पोचण्याच्या तोंडावर द्यायची.

मी सुचवेन ७२ तासांचा मुहूर्त. वडाप आहे, सुटायला उशीर होणार हे गृहीत धरा. ७२ तास आधी दिलीत तर विमान दोन दिवस लांबलं तरी तुम्ही खिडकीच्या आत राहता. १०० तास आधी दिलीत आणि विमान एक दिवस पुढे गेलं, की पुन्हा डॉक्टर, पुन्हा गोळी. वेळ मोजताना न्यू जर्सी लंडनच्या पाच तास मागे आहे हेही धरा.

इथेच आमचा घोटाळा झाला. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी, दिवस नंतर. ब्रिटनचं प्रमाणपत्र आपल्यासारखं, दिवस आधी. डॉक्टरांनी हाताच्या सवयीने ९ जूनची गोळी ०६/०९ अशी लिहिली. ब्रिटनमध्ये वाचलं असतं तर पिंट्याने ती सहा सप्टेंबरला, म्हणजे अजून न उजाडलेल्या दिवशी खाल्ली असती. रात्री जेवणं झाल्यावर सहज कागद चाळताना ते दिसलं. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी पायरीवर बसून होते. खोडून, दुरुस्त करून, शेजारी सही आणि शिक्का घेतला. तुम्ही डॉक्टरसमोर उभं राहून प्रत्येक तारीख मोठ्याने वाचा. त्याला राग येईल. येऊ दे.

कागद चुकले तर ब्रिटनमध्ये प्राण्याला चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवता येतं किंवा परत पाठवता येतं, दोन्ही तुमच्या खर्चाने. आठ हजार डॉलरचं तिकीट दाखवून उपयोग नाही.

आणखी दोन अटी चटकन. मालक आणि प्राणी एकमेकांच्या पाच दिवसांच्या आत प्रवास करायला हवेत, आणि एका माणसामागे पाचपेक्षा जास्त प्राणी नकोत, नाहीतर तो व्यापार धरतात. जातीचंही बघून घ्या. ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यात पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांना बंदी आहे, आणि २०२३ च्या अखेरीस त्यांत एक्सएल बुली आला. कायदा कागदावरची जात बघत नाही, अंगकाठी बघतो. मिश्र जातीचा रुंद जबड्याचा कुत्रा असेल तर आधी चौकशी करा.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

भारत ब्रिटन आणि युरोपीय संघ या दोघांच्याही, रेबीजच्या बाबतीत मान्य देशांच्या, यादीबाहेरचा देश आहे. त्यामुळे चिप आणि लसीनंतर लस लागू पडली का हे बघणारी एक रक्तचाचणी वाढते, जिला सगळे टायटर म्हणतात. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि उत्तर प्रति मिलिलिटर ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त यायला हवं. मग रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी चार महिने, आणि प्रयोगशाळेचे, कुरियरचे दिवस धरले तर पाच समजा. कितीही मोठं विमान भाड्याने घेतलंत तरी हे तीन महिने कमी होत नाहीत. निघताना भारत सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेसचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यांची कार्यालयं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबादला आहेत. पुणे-नाशिक-नागपूरकरांनी कुत्र्याला घेऊन मुंबईची फेरी धरावी.

अमेरिकेला जायचं असेल तर नियम आणखी वेगळे, आणि ते १ ऑगस्ट २०२४ पासून बदललेत. कुठल्याही देशातून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, त्याला चिप हवी, आणि सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा. तो फुकट आहे. पण भारत कुत्र्यांच्या रेबीजसाठी जास्त धोक्याच्या देशांत मोडतो. भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेला लसीचा फॉर्म लागतो, सीडीसीमान्य प्रयोगशाळेचा टायटर लागतो, आणि सीडीसीकडे नोंदलेल्या प्राणी केंद्रात आधी बुकिंग करावं लागतं. टायटर नसेल तर त्याच केंद्रात २८ दिवस राहायचं. अशी केंद्रं मोजक्याच विमानतळांवर आहेत, त्यांत न्यू यॉर्कचं जेएफके, अटलांटा, लॉस एंजेलिस येतात. म्हणजे असा कुत्रा न्यू जर्सीतल्या टेटरबरोसारख्या, खासगी विमानांच्या विमानतळावर थेट उतरवताच येत नाही, तिकीट कितीचंही असो. हे तिकीट विकणाऱ्याने सांगायला हवं. प्रत्येक जण सांगत नाही.

न्यू जर्सीच्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवा. कुत्रा अमेरिकेतलाच असला, तरी गेल्या सहा महिन्यांत तो भारतात जाऊन आला असेल तर हे जास्त धोक्याचे नियम त्याला लागतात. अमेरिकेत लस घेतलेल्यांसाठी सोपा फॉर्म आहे, पण तो अमेरिका सोडण्यापूर्वी काढून ठेवावा लागतो. आजी-आजोबांना भेटवायला कुत्रा पुण्याला नेण्याचा बेत असेल, तर परतीचा विचार निघायच्या आधी करा.

पैसे भरण्याआधी

तिकीट विकणारी कंपनी आणि विमान उडवणारी कंपनी बहुतेक वेळा वेगळ्या असतात. पहिला प्रश्न तोच विचारा: विमान कुणाचं, उडवणार कोण, आणि त्यांच्याकडे भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? अमेरिकेत तो भाग १३५ नावाने ओळखला जातो. नाव कळलं की स्वतः शोधून खात्री करा.

दुसरा प्रश्न वडापचा: किती जागा विकल्या गेल्या की फेरी नक्की होते? आजपर्यंत किती विकल्या? नाही भरली तर पैसे परत की पुढच्या फेरीचं कूपन? तारीख बदलली तर प्रमाणपत्राचा आणि गोळीचा खर्च कुणाचा? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा हमखास गप्प होतो. मला मिळालेलं उत्तर होतं, 'तो तुमचा खर्च.' निदान खरं बोलले.

तिसरा, पैसे कुठे राहतात? अमेरिकेत सुट्या जागा विकणाऱ्या सार्वजनिक चार्टरच्या, म्हणजे भाड्याने ठरवलेल्या विमानांच्या, नियमांत प्रवाशांचे पैसे वेगळ्या राखीव खात्यात ठेवण्याची किंवा हमीपत्राची तरतूद आहे. तुमचे तसे ठेवलेत का, हे लेखी मागा. शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा.

बाकी बारीकसारीक: मोठ्या कुत्र्यासाठी दुसरी सीट घ्यावी लागते का, मांजर घेतात का, सामानाची मर्यादा किती. छोट्या जेटच्या डिकीत कडक सुटकेसेस बसत नाहीत, मऊ पिशव्या लागतात. आमच्या एका ओळखीच्यांनी प्रेशर कुकर आणि गिरणीचं पीठ भरलेली भलीमोठी बॅग आणली होती. ती पुढे कुरियरने गेली, पीठ काढून.

कुत्र्याची तयारी

इथे लोक आळस करतात, कारण पिंजरा नाही म्हणजे सवय लावावी लागणार नाही असं वाटतं. लागते. बंद जागेत दहा अनोळखी कुत्र्यांसोबत सात तास गप्प बसायचं आहे. पिंट्याला आम्ही सहा आठवडे हार्नेस घालून गाडीच्या मागच्या सीटवर रोज अर्धा तास बसवलं, गाडी न हलवता. मग इंजिन चालू करून. नंतर मोबाइलवर विमानाचा आवाज लावून. तोंडाला जाळीची मुसकी घालायची सवयही लावली. वापरावी लागली नाही, पण कंपनी कधीही मागू शकते.

झोपेचं औषध देऊ नका. गुंगीत रक्तदाब आणि श्वास कसा वागेल हे हवेत सांगता येत नाही, म्हणून बहुतेक पशुवैद्य नाहीच म्हणतात. फारच घाबरट असेल तर हलक्या औषधाबद्दल डॉक्टरशी बोला, आणि पहिला डोस घरी देऊन बघा, विमानात नाही.

शू करायला पॅड मिळतात, पण गवताची सवय असलेला कुत्रा पॅडकडे बघतही नाही. आदल्या दोन आठवड्यांत अंगणात पॅड अंथरून त्यावर करायची सवय लावा. पिंट्या शेवटपर्यंत शिकला नाही आणि त्याने पूर्ण अटलांटिक धरून ठेवलं.

त्या दिवशी

निघायच्या पाच-सहा तास आधी हलकं जेवण. आम्ही दहीभात दिला, कारण तो त्याला रोज मिळायचा. पोट बिघडेल असं नवं काही नको. पाणी थोडं थोडं. निघण्याआधी लांब चालणं.

खासगी टर्मिनल म्हणजे विमानतळाच्या कडेची एक छोटी इमारत, सोफे आणि कॉफी. रांगा नाहीत, जाताना पासपोर्टचा शिक्का नाही, कारण अमेरिका तो मारतच नाही. नावं आधीच पाठवलेली असतात. पण तुमचा स्वतःचा व्हिसा बघायला विसरू नका. कुत्र्याच्या कागदांत लोक इतके बुडतात की माणसांचे राहून जातात. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असलेल्यांना ब्रिटनचा व्हिसा लागतोच.

विमानात चढायला जिना असतो, बोगदा नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला उचलावं लागेल, तेव्हा दोघं जण हवेत. विमान वर जाताना आणि खाली येताना हार्नेसचा पट्टा बांधून ठेवायचा. उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा चघळायला काहीतरी द्या. जबडा हलला की कान मोकळे होतात. मधले तास बरे जातात. आमच्या विमानात पहिला अर्धा तास सगळे एकमेकांना हुंगत होते, एका डॅशहंडने भुंकून सगळ्यांना ओळख करून दिली, आणि दिवे मंद झाल्यावर एकेक करून आडवे झाले. दिवसभराच्या एसटीत वाद होतात तेवढेही झाले नाहीत. न्यू जर्सीहून लंडनला पूर्वेकडे वाऱ्याची साथ असते, साडेसहा-सात तास.

मूळ प्रमाणपत्र, लसीचं कार्ड, चिपचे नंबर, तुमचा पासपोर्ट, सगळं एका फाइलमध्ये आणि ती फाइल हातात. डिकीत गेलेल्या बॅगेत नाही. फोनमध्ये फोटो ठेवा, पण तपासणारा मूळ कागदच मागतो.

उतरल्यावर

तपासणी पाच-दहा मिनिटांची. चिपवर यंत्र फिरवतात, नंबर कागदाशी जुळवतात, लसीची तारीख, गोळीची तारीख-वेळ. आमचे कागद तपासणाऱ्या बाईंनी त्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं, सही बघितली, शिक्का बघितला आणि पान उलटलं.

पहिल्या आठवड्यात एक काम राहतं. चिप ज्या डेटाबेसमध्ये नोंदली आहे तो ब्रिटनमध्ये चालत नसेल तर इथल्या मान्य डेटाबेसमध्ये नोंद करा, नव्या पत्त्यासह. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना हे २०१६ पासून सक्तीचं आहे, मांजरांना जून २०२४ पासून. आणि रस्त्यावर नेताना कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असलेली पट्टी हवी, नुसता फोन नंबर कायद्याला पुरत नाही. चावीवाल्याकडे दहा मिनिटांत कोरून मिळते. आडनाव नीट स्पेलिंग सांगून लिहून घ्या, आमचं दोनदा चुकलं.